आमच्या गाविलगडाचंही बघा

बोस्नियातल्या मोस्तार शहराच्या जुन्या पुलावरचा लेख मनापासून आवडला. १५६६ चा पूल १९९३ च्या युद्धात तोफांनी पाडला अन् २००४ मध्ये तिथलाच दगड घडवून पुन्हा उभा केला. पुलाजवळच्या एका दगडावर ‘९३ विसरू नका’ एवढंच लिहून ठेवलंय. मला तर पुलाहून तो दगडच मोलाचा वाटतो.

मी परतवाड्याकडच्या खेड्यातला. आमच्या डोक्यावर गाविलगड किल्ला. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने तटाला खिंडार पाडून तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला, किल्लेदार बेनीसिंह लढता लढता पडला. त्याच्या साधारण दोन आठवडे आधी याच दोघांत अडगावची लढाई झालेली. अन् गडाजवळच्या चिखलदऱ्याला फिरायला येणारे बहुतेक जण पॉइंटवर फोटो काढून, मक्याचं कणीस खाऊन परत! शार्दूल दरवाजावर कोरलेला दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी, गंडभेरुंड, तरी बघून जा हो. तोफा आहेत, तलाव आहेत.

दर १५ डिसेंबरला आसपासच्या शाळांतली पोट्टी गडावर न्यावी, त्या दिवसाची गोष्ट मराठीत अन् इथल्या आदिवासींच्या कोरकू भाषेत सांगावी. नवं काही बांधू नका. फक्त तटात रुजलेली झाडं वेळेवर काढा, दर पावसाळ्यात त्यांच्या मुळांनी चिरे सुटतात.