हिरवा दिवा लागला म्हणून बांगडा चांगला?

सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: ‘मासळीवर इलेक्ट्रॉनिक नाक (वास ओळखणारं यंत्र) धरा. हिरवा दिवा लागला की बिनधास्त खा. यंत्र जंतू थेट पकडतं, माणसाच्या नाकापेक्षा तिखट आहे आणि कुठल्याही पदार्थाला चालतं.’ एकेक दावा घेऊ.

जंतू पकडतं? नाही, वायू पकडतं. समुद्री मासळीतले जिवाणू ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात; शिळ्या मासळीची दुर्गंधी मुख्यतः त्याचीच. स्वस्त यंत्रात बहुधा टिन ऑक्साइडचा तापवलेला सेन्सर असतो. वायू लागला की त्याचा विद्युतरोध बदलतो. तो पावसाळी दमट हवेनेही बदलतो, हाताला लावलेल्या सॅनिटायझरनेही.

बिनधास्त खा? खरी गोम इथे आहे. बांगडा, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर. टोपली बर्फाविना तापत राहिली की जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. ते हवेत उडत नाही, त्यामुळे यंत्राला हुंगायला काही मिळतच नाही. नंतर बर्फ घातला तरी झालेलं हिस्टामीन तसंच राहतं. तळून, उकळूनही जात नाही. कल्ले बरे, वास बरा, आणि जेवल्यावर तासाभरात तोंड लाल, डोकं ठणकतंय, अंगावर पित्त उठलंय. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेची हिस्टामीनची मर्यादा किलोमागे 200 मिलिग्रॅम आहे. ती पाळली गेली का, हे प्रयोगशाळेतच कळतं. लिस्टेरिया या रोगकारक जिवाणूचंही तसंच: फ्रिजमध्ये वाढतो आणि वासाचा पत्ता नाही.

नाकापेक्षा तिखट? ट्रायमिथाइलअमाइन हवेत अब्जात मोजके भाग असलं तरी आपल्याला जाणवतं. यंत्र थकत नाही, एवढं मात्र मान्य.

कुठल्याही पदार्थाला? 1982 साली वॉरिक विद्यापीठातल्या कृष्णा परसॉड आणि जॉर्ज डॉड यांनी मांडलेली कल्पनाच अशी की, अनेक ढोबळ सेन्सरांचा एकत्रित नमुना वाचायचा. तो नमुना प्रत्येक पदार्थासाठी वेगळा शिकवावा लागतो. मासळीवर शिकवलेलं यंत्र आंबलेल्या इडलीच्या पिठावर धरलं तर काय वाटेल ते सांगेल. रोहू-कटल्यात मुळात ट्रायमिथाइलअमाइन फारसं तयारच होत नाही, म्हणजे त्याच वायूवर विसंबलेलं यंत्र तिथे गप्प. आणि सुके बोंबील? लाल दिवा, कायमचा.

शीतगृहात एकाच जातीची मासळी, ठरलेलं तापमान आणि वेळोवेळी केलेलं कॅलिब्रेशन (यंत्राच्या मापांची जुळवणी) असेल, तर कुठली पेटी आधी तपासायला घ्यावी हे ठरवायला हे यंत्र उपयोगी पडतं. स्वयंपाकघरातल्या हिरव्या दिव्याला यातलं काहीच लागू नाही.