२५ वर्षांची वॉरंटी आणि पहिला हिवाळा

मी अमेरिकेत राहते. महाराष्ट्रातल्या मित्रांशी किंवा नातेवाइकांशी घराच्या कामाबद्दल बोलणं निघालं की एक वाक्य हमखास येतं: "तुमच्याकडे बरं आहे, वस्तू खराब निघाली की परत घेतात." मग तक्रारी सुरू होतात. टाइल्स पोकळ वाजतात, पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल आली, किचनच्या कपाटांची दारं फुगली आणि बिल्डर फोन उचलत नाही. यातलं काहीही खोटं नाही. पण त्यावरून हल्ली एक मागणी ऐकू येते: अमेरिकेसारखी लांब मुदतीची वॉरंटी आपल्याकडेही सक्तीची करा, म्हणजे माल आपोआप सुधारेल. ही मागणी चुकीच्या जागी जोर लावते असं माझं ठाम मत आहे. आमच्या इथल्या घरातल्या लाकडी फ्लोअरिंगने हे मत पक्कं केलं.

आधी त्या "परत घेतात" बद्दल. अमेरिकेतली मोठी दुकानं माल परत घेतात, हे खरंच आहे. मात्र मन बदललं म्हणून वस्तू परत घ्यायला देशपातळीवरचा कुठलाही कायदा दुकानदाराला बांधत नाही. ते दुकानाने स्वतः ठरवलेलं धोरण असतं. शिवाय ते खोक्यात परत भरता येतील अशा वस्तूंसाठी असतं. खिळे मारून, गोंद लावून घरभर बसवलेल्या फळ्या कुठल्याच काउंटरवर परत नेता येत नाहीत. तिथून पुढे उरते फक्त वॉरंटी.

आमच्या घरात बसवलेलं फ्लोअरिंग 'इंजिनिअर्ड हार्डवुड' प्रकारचं आहे. म्हणजे खाली प्लायवुडचे आडवे-उभे थर आणि वर खऱ्या ओकचा पातळ पापुद्रा. हा वरचा थर स्वस्त मालात एक मिलीमीटरपेक्षाही कमी असतो, चांगल्या मालात चार-सहा मिलीमीटरपर्यंत जातो. तो पातळ असेल तर पुढे कधी रंधून, घासून नवं पॉलिश करता येत नाही, आणि दुकानातल्या नमुन्याच्या तुकड्यावरून फरक चटकन कळतही नाही. उन्हाळ्यात काम झालं. हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं, घरातली हवा कोरडी पडली आणि महिन्याभरात सांधे उघडू लागले. नंतर त्याहून वाईट दिसलं: फळ्यांच्या टोकांशी ओकचा थर खालच्या प्लायवुडपासून सुटायला लागला. खिडकीजवळच्या एका फळीवरून बोट फिरवलं की सुटलेली कड नखात अडकते. तिथून मोजे घालून चाललं तर धागा निघतो. त्याच फळीवर लाकडाच्या रेषांच्या दिशेने केसासारख्या बारीक भेगा आहेत, उजेड तिरपा पडला की सगळ्या एकदम दिसतात.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्याप्रमाणे आडवं फुगतं आणि आकसतं, हे कुणाही सुताराला ठाऊक आहे. हिवाळ्यात सांध्यांत थोडी फट पडली तर मी तक्रार करणार नाही. पण थर आडवे-उभे चिकटवून फळी बनवायची ती मुळात ही हालचाल काबूत ठेवण्यासाठीच. वरचा थर सुटतोय म्हणजे बहुधा गोंद कमी पडला, किंवा लाकूड नीट वाळवण्याआधीच चिकटवलं. हा कारखान्यातला दोष आहे.

कंपनीने तपासनीस पाठवला. त्याचा खर्च कंपनीनेच केला, हे इथे सांगायला हवं. माणूस सभ्य होता. गुडघ्यावर बसून त्याने ओलावा मोजायच्या यंत्राच्या दोन सुया फळ्यांत टोचल्या, फोटो काढले आणि शेवटी खोलीच्या मध्यभागी हवेची आर्द्रता मोजणारं यंत्र ठेवलं. आकडा आला २८ टक्के. वॉरंटीच्या अटीत ३५ ते ५५ टक्के लिहिलेलं होतं, आणि तेही बाराही महिने. सुटलेल्या थराचे फोटो अहवालात आहेत, पण निष्कर्ष एका ओळीचा: जागेच्या परिस्थितीमुळे झालेलं नुकसान, उत्पादनात दोष नाही. आम्ही लेखी हरकत घेतली. त्यावर कंपनीने काही खोकी नवीन फळ्या देऊ केल्या. जुन्या काढायची आणि नव्या बसवायची मजुरी त्यात नाही, आणि पुढे कुठलाही दावा करणार नाही असं लिहून द्यायचं. आम्ही सही केलेली नाही.

तो वॉरंटीचा कागद मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. अशा कागदांत साधारण काय असतं ते सांगते, कारण भारतात विकल्या जाणाऱ्या लाकडी फ्लोअरिंगसोबतही अशीच कलमं येतात. मोठ्या अक्षरांत छापलेली २५ वर्षं बहुतेक वेळा फक्त वरच्या पॉलिशची असतात. तीही पॉलिश झिजून खालचं लाकूड उघडं पडलं तरच. ओरखडे, पोचे, चमक जाणं यातलं काहीच धरत नाहीत. मालात ५ टक्क्यांपर्यंत दोष असणं रीतसर मानलेलं असतं. भरपाई दरवर्षी घटत जाते. घर विकलं तर नव्या मालकाला बहुतेक वेळा ती मिळत नाही. आणि सगळ्यात जाचक कलम हे की फळी एकदा बसवली म्हणजे ती तुम्ही तपासून मान्य केली. दिसणाऱ्या दोषाची जबाबदारी त्या क्षणी बसवणाऱ्यावर आणि मालकावर जाते. फळ्यांवर रोज काम करणाऱ्या कारागिराचं ठीक आहे, पण ज्याने आयुष्यात पहिल्यांदा लाकडी जमीन घेतली त्या माणसाने कुठला दोष ओळखायचा? चिकटवलेला थर वर्षभराने सुटणार हे पहिल्या दिवशी डोळ्यांना दिसतच नाही.

मग कायदा कुठे आहे? अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. चांगला कायदा आहे, पण तो काय करतो हे नीट पाहायला हवं. तो कुणालाही वॉरंटी द्यायला भाग पाडत नाही. दिली तर ती 'पूर्ण' की 'मर्यादित' हे सांगा, अटी स्पष्ट लिहा आणि विकण्याआधी वाचायला द्या, एवढं तो बजावतो. 'पूर्ण' म्हटलं तर फुकट दुरुस्ती, आणि वाजवी प्रयत्नांनंतरही जमलं नाही तर बदली माल किंवा पैसे परत, हे बंधन येतं. साहजिकच फ्लोअरिंगवाले 'मर्यादित' लिहितात. माल त्याच्या सर्वसाधारण वापराला योग्य असलाच पाहिजे ही न लिहिलेली हमीही कायद्यात आहे आणि लेखी वॉरंटी देणाऱ्याला ती पूर्णपणे झटकता येत नाही, पण मर्यादित वॉरंटीत तिची मुदत छाटता येते. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जुन्या घरात बसवायला दुकानातून आणलेल्या फळ्यांना हा कायदा लागू होतो. त्याच फळ्या नव्या घरात आधीच बसवलेल्या असतील आणि तुम्ही घर विकत घेतलं, तर त्या ग्राहकोपयोगी वस्तू धरल्या जात नाहीत.

कोर्टात जायचं म्हटलं तर अनेक करारांत लवादाचं कलम असतं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खाजगी लवादापुढे न्यायचा. लवादाचा कायदा १९२५ चा आहे, तो मुळात व्यापाऱ्यांच्या आपसातल्या वादांसाठी होता. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल कंपनीच्या एका खटल्यात ठरवलं की लवादाच्या कलमात सामूहिक दाव्याला बंदी असेल तर राज्याचा कायदा ती मोडू शकत नाही. म्हणजे शंभर घरमालकांचा दोष एकच असला तरी प्रत्येकाने एकेकट्याने जायचं. छोट्या दाव्यांची न्यायालयं आहेत, ती खरोखर सोपी आणि जलद आहेत, पण त्यांना रकमेची मर्यादा असते. कॅलिफोर्नियात ती व्यक्तीसाठी १२,५०० डॉलर आहे. पूर्ण घराची जमीन उखडून नवी घालायचा खर्च त्यापलीकडे सहज जातो.

मोठं प्रकरण झालं की सरकार जागं होतं, हेही खरं. लंबर लिक्विडेटर्स ही इथली फ्लोअरिंग विकणारी मोठी साखळी. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या, सायबेरियन वाघांच्या जंगलांतून बेकायदा तोडलेल्या ओकचं फ्लोअरिंग आयात केल्याच्या प्रकरणात तिने २०१५ मध्ये गुन्हा कबूल केला आणि १.३ कोटी डॉलरहून जास्त दंड भरला. त्याच वर्षी तिच्या चिनी लॅमिनेटमधल्या (लाकडासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम फळ्यांमधल्या) फॉर्मल्डिहाइड या घातक रसायनावरून टीव्हीवर गदारोळ झाला. ग्राहकांच्या सामूहिक दाव्यांत २०१७ मध्ये ३.६ कोटी डॉलरची तडजोड ठरली. त्यातले २.२ कोटी रोख, १.४ कोटी त्याच दुकानात वापरायची व्हाउचर. ज्या दुकानाने फसवलं असं म्हणणं होतं त्याच दुकानातून पुन्हा खरेदी करा, हा न्याय मला समजू शकत नाही. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २५ वर्षांचा कागद त्या कंपनीइतकाच टिकतो.

आता आपल्याकडे पाहा. भारतातला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सदोष उत्पादनाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते, विक्रेत्याच्या दारात जावं लागत नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात पक्कं केलं. अमेरिकेतल्या घरमालकाला नेमकं हेच मिळत नाही. त्याशिवाय अन्याय्य करार ही कल्पनाच या कायद्यात आहे. ग्राहकाच्या हक्काला बाध आणणारं एकतर्फी कलम रद्द ठरवायचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे.

हे आकाशातून पडलेलं नाही. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, आणि १९८६ चा पहिला कायदा येईपर्यंत अशा कितीतरी कार्यकर्त्यांनी वर्षं खर्ची घातली. हा वारसा हाती असताना आपण दुसऱ्या देशाच्या वॉरंटीच्या कागदाकडे आशेने पाहतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अडचण आहे ती अंमलबजावणीत, आणि ती भयंकर आहे. कायदा म्हणतो, तक्रार तीन महिन्यांत निकाली काढा, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. आयोगांवर अध्यक्ष आणि सदस्यच नेमले जात नाहीत म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. आंदोलन करायचं असेल तर या रिकाम्या खुर्च्यांसाठी करा. दहा वर्षांची वॉरंटी सक्तीची झाली आणि तिच्यावर निकाल द्यायला माणूसच नसला, तर ती मागण्यात काय अर्थ?

इथून काही घ्यायचंच असेल तर एक गोष्ट नक्की घ्या: कामाची शिस्त. लाकडी फळ्या बसवण्याआधी खालच्या पायाचा आणि फळ्यांचा ओलावा मोजून लिहून ठेवायचा, अरुंद फळ्यांसाठी दोन्हींतला फरक ४ टक्क्यांहून जास्त नको, रुंद फळ्यांसाठी २ टक्क्यांहून नको, असे इथल्या व्यवसायाचे लिखित निकष आहेत. ओल्या कोब्यावर घाईने फळ्या टाकण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. आणि मोजलेले आकडे लिहून, सही घेऊन तुमच्याजवळही ठेवा.

पण कलमं उचलू नका. ३५ ते ५५ टक्के आर्द्रतेची अट हिवाळ्यात हीटिंग लावणाऱ्या घरातही सहज पाळता येत नाही, तर कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये हवेत ८० टक्क्यांवर ओलावा असतो तिथे ती पाळायची कशी? बाराही महिने एसी चालू ठेवायचा? ज्या हवेत माल विकायचा त्या हवेत अटच पाळता येत नसेल, तर ती वॉरंटी विकतानाच संपलेली असते. राज्य आयोगापुढे अन्याय्य करार म्हणून जायला याहून चांगलं कलम शोधूनही सापडणार नाही, आणि एखाद्या ग्राहक संघटनेने हे प्रकरण लढवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नव्या इमारतीत बेडरूममध्ये बिल्डरनेच लाकडी फ्लोअरिंग घालून दिलं असेल तर गोष्ट आणखी सोपी आहे. थर सुटला, फळी वाकली की बिल्डर सांगतो, "कंपनीची वॉरंटी आहे, त्यांच्याशी बोला." त्या वाटेला जाऊ नका. रेरा या बांधकाम व्यवसायाचं नियमन करणाऱ्या कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत कामाचा किंवा दर्जाचा दोष दाखवून दिला, तर तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून देणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. फळी कुठल्या कंपनीची, हा त्याचा आणि त्या कंपनीचा प्रश्न. फोटो काढा, तारीख घालून लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि तीस दिवसांनी महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याखालच्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाकडे, तक्रार करा.