खंजिरीशिवाय हे गाणं अर्धंच

लेख छान आहे, पण तुकडोजी महाराजांची 'या झोपडीत माझ्या' ही नुसती समाधानाची कविता म्हणून सांगितली, ते काही पटलं नाही. आम्ही तिवसा तालुक्यातले, महाराजांच्या आश्रमाचं गाव मोझरी हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे हे आधी भजन आहे, कविता नंतर.

त्याची बांधणीच बघा ना. तीन चरणांना एक यमक आणि चौथा चरण दरवेळी तोच. तुकडोजी महाराजांनी तो चौथा चरण जणू भजनी मंडळासाठीच ठेवला. बुवानं तीन ओळी म्हणायच्या, चौथी अख्ख्या गावानं उचलायची. ज्याला अक्षर ओळखता येत नव्हतं तोही त्यात सामील. आमचे आबाजी पावसाळ्यात खंजिरीचं सैल पडलेलं चामडं चुलीच्या धगीवर धरून ताणत, बोटानं टिचकी मारून बघत आणि म्हणत, "आवाज नाई निंगाला त भजन कायचं, बाप्पा?" शाळेत हेच गाणं पाठ करून घेतलं, तेव्हा चाल गेली अन् दहा मार्क उरले.

दुसरं म्हणजे हे लिहिणारा माणूस काही झोपडीत डोळे मिटून बसलेला नव्हता. 1942 साली इंग्रजांविरुद्धच्या उठावात विदर्भातली चिमूर-आष्टी ही गावं पेटली, त्याच वर्षी इंग्रजांनी महाराजांना तुरुंगात टाकलं. दाराला दोरी नाही, तिजोरीला मात्र पहारे, हा टोमणा कोणाला होता ते तेव्हाच्या मालगुजारांना (जमीनदारांना) बरोबर कळत असणार. लेखात त्याचा उल्लेखच नाही!

आणि सोबत जो व्हिडिओ दिलाय त्यात सिंथेसायझर कशाला?