पदवीचे नाव एक, अर्थ निराळे
परदेशातील भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर पदव्या सर्वत्र सारख्याच असतात, हे लेखातील विधान मला पटले नाही. इंग्लंडमधील एमएस्सी बहुधा एका वर्षात उरकते आणि तिथली एमफिज (मास्टर ऑफ फिजिक्स) तर बारावीनंतरची चार वर्षांची सलग पदवी आहे. जर्मनीत मात्र एमएस्सी म्हणजे १२० क्रेडिटांची दोन वर्षे असून त्यातले शेवटचे अख्खे वर्ष बहुतेक ठिकाणी संशोधन व प्रबंधातच जाते. (माझ्या भाचीचे निम्मे वर्ष लेसरचे आरसे जुळवण्यात गेले, पण पीएचडीच्या अर्जासोबतचे शिफारसपत्र तिला त्यातूनच मिळाले.) अमेरिकेत बीएस्सीनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. जर्मनीत शुल्क नाही, हेही सरसकट म्हणू नये; बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात, म्हणजे तिथल्या हायडेलबर्ग विद्यापीठातही, २०१७ पासून भारतीयांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात.