खुलासा : प्रायव्हसी बॅजर पोस्ट टाकत नाही

कोल्हापूरच्या चप्पल लाईनच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : ‘हूटसूट काढा, प्रायव्हसी बॅजर टाका, पोस्ट वेळेवर जातात, अकाउंटही हॅक होत नाही.’ दोन्ही चूक. हूटसूट म्हणजे सोशल मीडियावर ठरल्या वेळी पोस्ट टाकणारी सेवा.

बॅजर हे इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं २०१४ पासूनचं फुकट एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी सोय. साइटसाइटवर आपला माग काढणारे ट्रॅकर ते अडवतं, बस्स. एखादी बातम्यांची साइट उघडून त्याच्या चिन्हावर क्लिक करा. ट्रॅकरांची यादी दिसेल. पोस्ट लिहायला जागाच नाही.

पोस्टचं वेळापत्रक हे हूटसूटचं काम, आणि त्यासाठी अकाउंटची परवानगी आपणच दिलेली असते. बॅजर लावून ती रद्द होत नाही, अकाउंटच्या सेटिंगमध्ये जाऊनच काढावी लागते. हॅकची धास्ती असेल तर टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) सुरू करा, तेही आजच.

भावांनो, तो मेसेज पुढं पाठवू नका. आला असेल तिथं हा खुलासा टाका.