‘अर्धा दिवस नुसते कागद’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार. फेरीबोटीने बाइक परदेशात नेण्याच्या आमच्या तयारीवर्गाबद्दल सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तुमच्या अभिप्रायावरून पुढचे लोक ठरवणार, म्हणून उत्तरही सगळ्यांसमोरच देतो. तुमच्या तक्रारी तीन: अर्धा दिवस कागदपत्रांत गेला आणि बाइक चालवण्याचा सराव झालाच नाही, आम्ही सामान कमी करायला लावलं, आणि सेंटर स्टँड असूनही फेरीबोटीवर साइड स्टँडच लावा असा हट्ट धरला.

स्टँडचं आधी सांगतो, कारण त्यावर तुम्ही ‘अनुभव नसलेला सल्ला’ असं लिहिलंय. सेंटर स्टँडवर बाइकचं एक चाक अधांतरी राहतं आणि वजन उंचावर जातं. बोट डोलायला लागली की बाइकला पुढच्या दिशेने हिसका बसून तो स्टँड आपसूक दुमडू शकतो. साइड स्टँडवर दोन्ही चाकं आणि स्टँड असे तीन आधार मिळतात. बाइक पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, पुढचा ब्रेक पट्टीने आवळायचा, मग सीटवरून पट्टा टाकून ती स्टँडच्या बाजूला खाली ओढायची, सस्पेन्शन थोडं दबेपर्यंत. पट्ट्याखाली जुना टॉवेल. काही बोटींवर खलाशी स्वतः बांधतात, काहींवर दोरी हातात देऊन निघून जातात. ते बांधत असले तरी तुम्ही तिथेच थांबा आणि पट्टा ब्रेकच्या नळीवरून किंवा इंडिकेटरवरून जात नाही ना, हे बघा. त्यांना दिवसभरात शेकडो गाड्या लावायच्या असतात, तुम्हाला एकच.

आता कागद. बाइक तुम्हाला चालवता येतेच. बंदरावरून माणूस माघारी फिरतो तो कागदापायी. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार निघतं, तसंच १९६८ च्याही. पहिल्याची मुदत एक वर्ष, दुसऱ्याची जास्तीत जास्त तीन. कुठला देश कुठलं मानतो हे वाटेतल्या प्रत्येक देशासाठी बघावं लागतं, आणि मूळ लायसन्स खिशात नसेल तर दोन्ही निरुपयोगी. विम्याचंही तसंच. घरी सगळं भरून देणारी पॉलिसी सीमेपलीकडे कधी समोरच्याच्या नुकसानीपुरतीच उरते, कधी तेवढीही नाही. तुमच्याच वर्गात एकाची बाइक भावाच्या नावावर निघाली. मालकाचं संमतिपत्र लागतं हे त्यांना तिथे कळलं, चेक-इनच्या रांगेत नाही. त्या चर्चेला वेळ गेला हे खरं, पण तो वाया गेला असं आम्ही मानत नाही.

सामानाबद्दल आमचं मत बदललेलं नाही. रॅम्पवर पुढची गाडी अचानक थांबते, पाय टेकवावा लागतो आणि खाली असतं ओलं, तेलकट लोखंड. सीटमागे उंच रचलेल्या बॅगा तिथे बाइक आडवी करतात. जड वस्तू पॅनियरच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या पेट्यांच्या, तळाशी. भरलेल्या बाइकच्या टायरमधली हवा पुस्तिकेत वेगळी दिलेली असते, तेवढी भरा. बोट सुटल्यावर वाहनांचा डेक बहुधा बंद करतात, त्यामुळे पासपोर्ट, औषधं आणि एक गरम कपडा टँक बॅगेत घालून वर न्या.

चालवण्याचा सराव हा आमचा वेगळा वर्ग आहे आणि नोंदणी करताना ते वाचायला मिळतं. तरी रस्त्याची बाजू बदलण्याबद्दल आम्ही बोललो होतो. बंदरातून बाहेर पडताना फारसं चुकत नाही, पुढच्या गाडीच्या मागे जायचं असतं. चूक होते दुसऱ्या दिवशी सकाळी, रिकाम्या पेट्रोल पंपावरून एकट्याने बाहेर पडताना. (हेडलाइटचा झोत बाजूप्रमाणे बदलून घ्यायलाही लोक विसरतात.)

पैसे परत मागितलेत, ते देणार नाही. सरावाच्या वर्गाला मात्र पुढच्या तुकडीत विनाशुल्क या, नोंदणीचा ईमेल दाखवलात की पुरे. आणि एक काम आजच करा: तुम्ही कार्ने (बाइक तात्पुरती परदेशात नेण्याचा सीमाशुल्काचा कागद) घेऊन गेला होता, त्यावर त्या देशातून बाहेर पडल्याचा शिक्का आहे का बघा. नसेल तर बाइक तिथेच राहिली असं समजून सीमाशुल्क मागितलं जाऊ शकतं. शिक्का दिसला नाही तर ज्यांनी कार्ने दिलं त्यांना लगेच कळवा.