"लिनक्स चालतं म्हणे, पेनड्राइव्ह पण दिसत नाही" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार, आमच्याकडून घेतलेल्या जुन्या टॅबवर पेनड्राइव्हने उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकता आलं नाही, हा तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात त्यावरून भांडायचं नाहीये, निम्मी चूक आमचीच आहे.

आधी पेनड्राइव्हचं. या जुन्या टॅबमधला ॲटम झेड३७३५एफ प्रोसेसर ६४-बिट आहे पण कंपनीने त्यात यूईएफआय (टॅब चालू होताना सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर) टाकलंय ३२-बिट, कारण तेव्हा त्यावर ३२-बिट विंडोज विकायचं होतं. उबुंटूच्या आयएसओमध्ये (पेनड्राइव्हवर टाकायची इन्स्टॉलची फाइल) त्यासाठी लागणारी बूटआयए३२ नावाची फाइल नसते, त्यामुळे तुम्ही पेनड्राइव्ह तीनदा बनवलात तसा दहादा बनवला असतात तरी टॅबने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात मात्र ही सोय आहे, आणि इन्स्टॉल झाल्यावर सिस्टीम ६४-बिटच चालते. हे आम्ही लिहायला हवं होतं, नुसतं "६४-बिट, लिनक्स चालतं" लिहून मोकळे झालो. आता लिस्टिंग बदललंय. आणि हो, पोर्ट एकच असल्याने ओटीजीवर (टॅबला यूएसबी वस्तू जोडायची सोय) हब लावून पेनड्राइव्ह आणि कीबोर्ड दोन्ही जोडा आणि बॅटरी आधी फुल करून घ्या, मध्येच बंद पडला तर सगळं पहिल्यापासून.

कॅमेऱ्याबद्दल मात्र खोटी आशा दाखवणार नाही. या चिपच्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) २०१८ मध्ये लिनक्सच्या कर्नलमधून, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातून, काढून टाकला होता, २०२० मध्ये परत आला, पण अजून भरवशाचा नाही. व्हिडिओ कॉल हवे असतील तर हा टॅब तुमच्यासाठी नाहीच.

आता दुप्पट रॅमचा अँड्रॉइड टॅब त्याच पैशात मिळाला असता हे तुमचं म्हणणं खरंय, पण लिनक्ससाठी घेताय ना? तिथे बहुतेक वेळा बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) लॉक असतो, आणि उघडला तरी त्याच मॉडेलसाठी कुणीतरी कर्नल तयार केलेला असावा लागतो, पीसीसारखं कुठलाही आयएसओ घ्या आणि टाका असं अँड्रॉइड टॅबमधल्या एआरएम प्रोसेसरवर होत नाही. म्हणून तर आम्ही हे जुने इंटेलवाले ठेवतो. या टॅबच्या २ जीबी रॅममध्ये नोम हा डेस्कटॉप जड जातो, एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप टाका, वाचन, टर्मिनल, नोट्स आरामात होतात. थोडं बजेट वाढवता आलं तर मायक्रोसॉफ्टचा सरफेस गो टॅब बघा, ४ किंवा ८ जीबी रॅम, यूईएफआय ६४-बिट, ही पेनड्राइव्हची भानगडच नाही (कॅमेऱ्याची कटकट तिथेही आहे).

डेबियन करून बघायचं असेल तर मेसेज करा, बसवून देतो. नकोच असेल तर टॅब परत पाठवा, पैसे पूर्ण मिळतील, कुरिअरचा खर्च पण आमचा.